सुट्टीत पोरांना ‘आयुष्य बदलणारं’ पुस्तक द्यावं का?

रंकाळाकाठ
भाचा बारावीची परीक्षा देऊन मोकळा झालाय. निकाल लागेपर्यंत कोल्हापुरात आमच्याकडेच आहे. बहिणीचा फोन आला, “दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून बसतोय, आयुष्य बदलेल असं काहीतरी वाचायला दे त्याला.” मी सरळ कपाटातनं ‘झोंबी’ काढलं.

दहावीच्या सुट्टीत मी ते वाचलं होतं. आनंद यादवांचं हे आत्मचरित्र १९८७ साली आलं, १९९० मध्ये त्याला साहित्य अकादमी मिळालं. मला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. एवढंच कळलं की कागल आपल्यापासून एसटीनं हाकेच्या अंतरावर, आणि तिथला एक पोरगा शाळेसाठी बापाशी झगडतोय; बाप म्हणतोय शाळा सोड, मळ्यात ये. आमच्या घरी त्याच आठवड्यात मला अकरावीला घालायचं की नाही याची बोलणी चालली होती. पुस्तक मिटलं आणि वडिलांच्या समोर जाऊन उभी राहिले. “मला कॉलेजला जायचंय.” एवढंच बोलले, पण बोलले.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: सुट्टीत द्यायचं तर माणूस मुळापासून हलेल असंच पुस्तक द्यावं. झोंबी, उपरा, स्मृतिचित्रे. आणखी सुचवा.

साठमारी
ताई, राग मानू नका, पण मला हे पटत नाही. मी नववीत असताना बाबांनी ‘उपरा’ हातात दिलं आणि वर ऐकवलं, “बघ, यांचं बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर, आणि तुला स्वतंत्र खोली असून गणितात चाळीस.” मी ते शिक्षा म्हणून वाचलं. रोज दहा पानं, मोजून.

लक्ष्मण मान्यांनी १९८० साली ते पुस्तक माझ्या मार्कांसाठी लिहिलं नव्हतं. कैकाडी समाजाला गावाबाहेर का राहावं लागतं, हा त्यातला प्रश्न. तो मला तिशीत पुन्हा वाचल्यावर दिसला. मधली पंधरा वर्षं त्या पुस्तकाचं नाव काढलं तरी मला बाबांचा आवाज ऐकू यायचा.

‘झोंबी’चंही तेच. शाहू महाराज कागलच्या घाटगे घराण्यात जन्मले. त्यांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. त्याच कागलात त्यानंतर कितीतरी वर्षांनी एका पोराला शिकायसाठी मार खावा लागतो. का? हे भाच्याशी बोलणार असाल तर जरूर द्या. ‘बघ, तुला किती सुख आहे’ हे सांगायला देणार असाल तर कपाटातच राहू दे.

शिरोली फौंड्री
सगळे साहित्याबद्दलच बोलताय. मी शिरोली एमआयडीसीत मोल्डिंगला आहे, शिक्षण दहावी. माझं आयुष्य ज्यानं बदललं ते पैशाचं नियोजन कसं करावं यावरचं एक अनुवादित पुस्तक. अशा पुस्तकांना तुम्ही लोक नाक मुरडता. त्यात एकच गोष्ट माझ्या कामाची निघाली: रोजचा खर्च रोज रात्री लिहायचा. मी दोनशे पानी वही केली. तिसऱ्या महिन्यात दिसलं की व्याजापोटी किती जातंय आणि गाडीवरच्या चहा-नाष्ट्यात किती. दोन वर्षांत हातउसने सगळे फिटले.

जेवणाच्या सुट्टीत तिथंच बसून वाचायचो. साच्याच्या वाळूनं हात काळे, त्यामुळं प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात माझ्या अंगठ्याचा ठसा आहे. बायकोनं वर्तमानपत्राचं कव्हर घालून ते देवघराच्या फळीवर ठेवलंय. ते पुस्तक हलकं आहे असं कुणी म्हटलं तर मला लागतं.

निवृत्त मास्तर
फौंड्रीवाले दादा, पुस्तक तुम्हाला कुणी दिलं होतं?

शिरोली फौंड्री
कुणी नाही सर. स्टँडवरच्या स्टॉलवर स्वतः घेतलं. गाडीला वेळ होता.

निवृत्त मास्तर
माझं म्हणणं नेमकं हेच आहे. तीस वर्षं मराठी शिकवली. ‘हे वाच, तुझं आयुष्य बदलेल’ असं सांगून दिलेलं पुस्तक पोरं पहिल्या पानापासून संशयानं वाचतात. आता बदलायचं की नंतर, असं बघत बसतात. भाच्याला करवीर नगर वाचन मंदिरात घेऊन जा. १८५० सालापासूनचं वाचनालय आपल्या गावात आहे आणि आपण याद्या कसल्या करतोय? त्याला कपाटांपुढं उभं करा आणि तुम्ही बाहेर थांबा. फारच झालं तर ‘बनगरवाडी’ कुठं आहे तेवढं दाखवा. बारीक आहे, दोन दुपारचं काम. एक पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीत जातो, एवढंच सांगा.

आजरेकरीण
सर, मोठ्या आदरानं विरोध करते. ज्या घरात पुस्तक नाही तिथलं पोर कपाटांपुढं बावरून जातं. मी गेले होते. कुठं हात घालायचा कळेना, कुणी बघतंय का म्हणून तशीच परत आले. कुणीतरी बोट धरावंच लागतं.

माझं बोट आत्यानं धरलं. शिवाजी सावंत आमच्या आजऱ्याचे, एवढं सांगून तिनं ‘मृत्युंजय’ पुढ्यात ठेवलं. आठवीची सुट्टी, परड्यातल्या फणसाखाली बाजलं. जाड पुस्तकाला मे महिन्यासारखा महिना नाही. जूनमध्ये कुठला एवढा सलग वेळ मिळतोय? कर्ण सांगतो, मग कुंती सांगते, दुर्योधन, वृषाली, शोण, शेवटी कृष्ण. जो तो आपल्या तोंडानं सांगतो. कुंतीवर मी चिडलेली होते आणि तिचं ऐकताना रडले. आज घरात जावा-जावांत वाजलं की मला आधी वाटतं, हेच तिच्या तोंडून कसं ऐकू येईल. आयुष्य बदलणं याहून निराळं असतं का?

साठमारी
आजरेकरीण, तुमच्या आत्यानं ‘आमच्या आजऱ्याचे’ एवढंच सांगितलं. त्याला माझी ना नाही. बोट धरणं वेगळं आणि कान धरणं वेगळं.

रंकाळाकाठ
सगळ्यांचं दोनदा वाचलं. सुट्टीत दमदार पुस्तकच द्यावं, हे मत मी सोडलेलं नाही. पण साठमारीचं ‘शिक्षा म्हणून वाचलं’ मनात रुतलं. मीही भाच्याला तेच ऐकवणार होते, शब्द जवळजवळ तेच. म्हणून ‘झोंबी’ नुसतं टेबलावर ठेवलं, बोलले काहीच नाही. चार दिवस त्यावर चार्जर पडून होता.

काल संध्याकाळी वळीव पडून गेल्यावर स्वयंपाकघरात आला आणि विचारलं, “मावशी, इथं पेन्सिलीनं रेघ तू ओढलीस?” शाळा बंद झाल्याचं ते पान. इतक्या जोरात ओढलेली की मागच्या पानावर वण उठलाय. मग भाकरी थापता थापता त्याला माझ्या अकरावीची गोष्ट सांगितली. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याच्या आईनंही कधी सांगितलं नव्हतं. तिला त्या वेळी बारावीनंतर घरी बसवलं होतं, हे मी सांगू की तिनं सांगावं, याचा विचार करतेय.

उद्या सकाळी त्याला वाचनालयात सोडते. मास्तर, मी बाहेर थांबेन. फौंड्रीवाले दादा, तुमच्या त्या वहीत रकाने कसे पाडले होते ते जरा लिहा. आम्हा दोघांनाही हवंय.