‘फेरफार’ शब्दात लबाडी येते का?

दांडियाबाजारकर: टीआरएनएवर, म्हणजे पेशीत प्रथिन बनताना एकेक अमिनो आम्ल आणून देणाऱ्या रेणूवर, मराठीत लेख लिहितोय. ‘टीआरएनए तयार झाल्यावर विकरं त्यात रासायनिक फेरफार करतात’ (विकरं म्हणजे एन्झाइम्स) हे वाक्य पुण्याच्या मावसबहिणीने खोडलं. तिच्या मते फेरफार हिशेबाच्या वह्यांत होतो, त्याला लबाडीचा वास येतो. आम्हा बडोदेकरांना तसा वास कधी आला नाही. गुजरातीत फेरफार म्हणजे साधा बदल. नुसतं ‘बदल’ लिहिलं तर उत्परिवर्तनाशी (म्युटेशनशी) गल्लत होते. तिथे जनुकातलंच अक्षर वेगळं असतं, इथे उतरवून झालेल्या अक्षरावर काम होतं. काय लिहू?

सुरसागर: सातबाऱ्याच्या फेरफार नोंदीत कुठली लबाडी? ठेवा तोच.

पेठेतली: तलाठ्याचा शब्द पेशीत कशाला? ‘संस्करण’ घ्या.

रावपुरा: संस्करण म्हटलं की हिंदीतली आवृत्ती आठवते. ‘संस्कार’ म्हणा. चरकाची व्याख्याच आहे, ‘संस्कारो हि गुणान्तराधानम्’, द्रव्यात वेगळा गुण आणणं. आजी अळूत चिंच घातल्याशिवाय ते पानात वाढत नसे, घशाला खाजू नये म्हणून. अळू तेच, गुण वेगळा.

दांडियाबाजारकर: हे फार जवळ जातं! जिवाणूंच्या एका टीआरएनएचा अँटिकोडॉन, म्हणजे जनुकाच्या संदेशातली तीन अक्षरं वाचणारी त्याची तीन अक्षरं, सीएयू असतो. तसाच राहिला तर तो संदेशातलं एयूजी वाचेल आणि मेथिओनिन हे अमिनो आम्ल आणेल. विकराने त्या ‘सी’ला लायसिन जोडलं की तो एयूए वाचतो आणि आयसोल्युसिन हे दुसरं अमिनो आम्ल आणतो. एका जोडणीने वाचनही बदलतं, पाठीवरचं ओझंही.

सुरसागर: आणि जिथे काढून घेतात तिथे? अॅडेनोसिनचा, म्हणजे ‘ए’ अक्षराचा, अमिनो गट गेला की इनोसिन होतं. अँटिकोडॉनच्या पहिल्या जागी ते यू, सी, ए तिघांशी जुळतं. रॉबर्ट हॉली या शास्त्रज्ञाने १९६५ साली यीस्टच्या अॅलनिन-टीआरएनएचा क्रम लावला, त्यातही इनोसिन अँटिकोडॉनमध्येच होतं. काढण्याला संस्कार म्हणाल?

रावपुरा: तांदूळ सडतो तेव्हा कोंडा जातोच की. तोही संस्कारच.

पेठेतली: पण संस्कार म्हटलं की वाचकाला मुंज आठवणार.

सुरसागर: आठवू दे. आधी मला ‘फेरफार’मधला ‘फार’ सांगा. मला तो कामबिमसारखा नुसता जोडशब्द वाटतो.

पेठेतली: कामबिमशी नका जोडू, तिथे ‘बि’ येतो. अदलाबदल, उलटापालट यांच्या घरातला दिसतो.

दांडियाबाजारकर: सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ साली निघालेला शासनशब्दकल्पतरू हा राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश कुणाच्या घरी आहे का? गुजराती आणि मराठी प्रतिशब्द त्यात शेजारी-शेजारी आहेत. तिथे मराठीच्या रकान्यात फेरफार आहे का, एवढं बघून सांगा.