देगलूरकडचे धोंडे साफ करावेत का परत हंपीच गाठावी?

देगलूरचं_पोरगं
नमस्कार मंडळी. थंडी पडायलीय आन आमच्यात वाद सुरू झालाय. आमची नांदेडची बोल्डरिंग करणारी, म्हणजे दोराशिवाय बुटक्या धोंड्यांवर चढणारी पोरं दर हिवाळ्यात पॅड (खाली अंथरायच्या जाड गाद्या) उचलून हंपीला जातेत, तिथले ठरलेले प्रॉब्लेम, म्हणजे धोंड्यावर चढायच्या वाटा, करतेत आन येतेत. मला ह्या वर्षी वाटायलंय की देगलूर-बिलोलीच्या पट्ट्यातच सीझन घालवावा. बाकी मराठवाडा सगळा काळा बेसाल्ट, पण आपल्या ह्या कोपऱ्यात डेक्कन ट्रॅप संपतो आन त्याच्याखालचा कितीतरी जुना ग्रॅनाइट उघडा पडतो, तोच खरबरीत, हंपीच्या जातीचा. एका धोंड्यावर डाव्या कडंनं सरळ लाइन दिसायलीय, सिट स्टार्टपासून (खाली बसून सुरुवात) टॉपआउटपर्यंत (माथ्यावर चढून शेवट), पण वर सगळं दगडफूल माजलंय. मित्र म्हणतेत साफसफाईतच थंडी जाईल, चढणं काही होणार नाही. तुम्ही काय केलं असतं?

बालाघाटी
मित्रांचं अगदीच चूक नाही भाऊ. दुसऱ्यानं केलेला प्रॉब्लेम परत करणं म्हणजे नक्कल नव्हे, तिथं आपण कुठं आहोत ते कळतं. फिनलंडमधला बर्डन ऑफ ड्रीम्स हा प्रॉब्लेम बघ, नाले हुक्कातायवालनं 2016 ला केला आन ग्रेड, म्हणजे अवघडपणाचा आकडा, 9ए सांगितली, जगातली पहिली. पण विल बोसीनं 2023 ला रिपीट करेपर्यंत तो एकट्या माणसाचा शब्द होता. तू देगलूरला 7ए लिहिशील, पण तू हंपीत 7ए पुरेसे केलेच नसतील तर तो आकडा कशावरून? आधी हात तयार कर, दगड कुठं पळून जायलेत.

खडकवेडी
बालाघाटी दादा, ग्रेडचं पटलं, पण दगड पळून जात नाहीत हे नाही पटलं. त्या पट्ट्यात खडी क्रशर आहेत, आज दिसलेला धोंडा पुढच्या वर्षी रस्त्याखाली असू शकतो.

आन साफसफाईत सीझन वाया जातो हे तर मला मान्यच नाही. हंपीत चॉकचे (हाताला लावायच्या पावडरीचे) पांढरे ठिपके आधीच दिसतात, हात कुठं ठेवायचा ते कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं, नव्या दगडावर ते तुलाच शोधावं लागतं, पाय कुठं, अंग कोणत्या बाजूला झुकवायचं, हे होतं का नाही हेसुद्धा माहीत नसतं, आन त्यातच माणूस दगड वाचायला शिकतो असं मी मनापासून सांगते.

फक्त खालून उड्या मारू नकोस. आधी मागच्या बाजूनं वर जाऊन उतरायची वाट बघ, मग दोरावर लटकून साफ कर. ग्रॅनाइटचे पापुद्रे सुटतात, प्रत्येक होल्ड (धरायची जागा) बुक्कीनं ठोकून बघ, पोकळ आवाज आला तर त्यावर भरवसा नको. ब्रश नायलॉनचा घे, तारेचा अजिबात नको, खडकाचा दाणा जातो तो परत येत नाही. छिन्नीनं होल्ड पाडायचा तर विचार पण नको, आज तुला जमत नसेल तर उद्या कुणाला तरी जमेल, त्याच्यासाठी सोड. सगळं दगडफूल पण खरवडू नकोस, हातापायाला लागतं तेवढंच काढ. कपारीत घुबडाचं घरटं किंवा वर आग्या मोहोळ दिसलं तर तो दगड सोडून दे, मोहोळ उठलं तर पळायला जागा मिळत नाही.

मांजराकाठ
मी चढत नाही, पण तिकडचाच आहे म्हणून लिहायलो. गाडी लावायच्या आधी गावात या. माळ दिसला की मोकळाच आहे असं शहरातल्या पोरांना वाटतं, पण तो कुणाचा तरी सातबारा असतो नाहीतर गायरान. ज्या दगडाला शेंदूर लावलेला आहे त्याला हात लावायचा नाही, शेजारच्यावर चढायचं तरी विचारून. होट्टलच्या देवळांकडं तर नकोच, तिथं चालुक्यांच्या काळचं कोरीव काम आहे. पोरांनी जाताना पांढरी पावडर पुसून टाकली, तुरीच्या रानातून वाट पाडली नाही, तर आमच्याकडं कुणी नाही म्हणणार नाही, उलट चहा पाजतेत. आन एकदा गावाला वाटलं ना की ह्या दगडांसाठी लांबून माणसं यायलेत, तर क्रशरवाल्याला पण दहादा विचार करावा लागंल.

बालाघाटी
हे शेवटचं माझ्या डोक्यातच नव्हतं आलं. क्रशरचा मुद्दा मान्य. तरी माझं म्हणणं एकच, ग्रेड लिहायची घाई नको. नुसतं सोपं-मध्यम-अवघड लिही, चारपाच जणांनी केल्यावर बघू.

देगलूरचं_पोरगं
मांजराकाठ काका, लै उपकार झाले. जमीन कुणाची ते आधी विचारून घेतो, सरपंचांना पण भेटतो. ग्रेड नाही लिहीत. हंपी जानेवारीच्या शेवटाला ढकलू म्हणलं पोरांना, दोघं तयार झालेत, बाकीचे अजून कुरकुर करायलेत. खडकवेडी ताई, तुम्ही याल का एखाद्या रविवारी? लँडिंगला (पडायच्या जागी) एका बाजूला मोठा दगड आहे, पॅड कसे लावायचे ते समजंना.

खडकवेडी
येते की. आधी फोटो टाक, खालून नको, बाजूनं. तो दगड पडायच्या रेषेत असेल तर स्पॉटर (पडणाऱ्याला खालून सावरणारे) दोन लागतील, एकावर भागणार नाही. माझे पॅड आणते.