क्लँग बिल्ड करताना एलटीओ : लावावं की नाही?

जुनाखोड : सोर्समधून क्लँग (सी/सी++ चा कंपायलर) बिल्ड करायला घेतलं की कुणीतरी सांगतंच, 'एलटीओ (लिंक-टाइम ऑप्टिमायझेशन, म्हणजे तुकडे जोडताना पूर्ण प्रोग्रॅमवर एकत्र केलेली सुधारणा) चालू कर, कंपायलर पळायला लागेल.' माझं मत स्पष्ट आहे : रोज एलएलव्हीएमच्या (क्लँग ज्याचा भाग आहे त्या प्रकल्पाच्या) कोडमध्ये हात घालणाऱ्याने ते बंदच ठेवावं. लिंक करताना सगळे मॉड्यूल एकत्र दिसतात, एका फाइलमधलं फंक्शन दुसरीत इनलाइन होतं (थेट तिथेच उतरवलं जातं), हे मान्य. पण क्लँग, ऑप्ट, एलएलसी ही एलएलव्हीएमची सगळी टूल्स त्याच लायब्ररी पोटात घेतात आणि प्रत्येकाच्या लिंकला तेच ऑप्टिमायझेशन नव्याने होतं. एक ओळ बदला आणि बसा वाट बघत.

रिकामाकोअर : असहमत. तुम्ही एलटीओच्या सेटिंगला नुसतं 'ऑन' दिलं असणार, म्हणजे झालं 'फुल', सगळा कोड एकत्र करून चालणारा प्रकार! 'थिन' हा हलका प्रकार द्या की. २०१६ पासून, एलएलव्हीएम ३.९ मध्ये आलंय. प्रत्येक मॉड्यूलचा छोटा सारांश बघून लागतील तेवढीच फंक्शनं आयात होतात, बाकी काम समांतर चालतं. एलएलडी (एलएलव्हीएमचाच लिंकर) असेल तर बिल्ड डिरेक्टरीत कॅशही राहते, न बदललेलं काम पुन्हा करावं लागत नाही.

जुनाखोड : कॅशचं कौतुक पुरे. सगळीकडे वापरलेलं एखादं हेडर बदललं की तिचा काय उपयोग?

रॅमभरोसे : भांडा निवांत, पण आधी मेमरी बघा. थिन असेल तर एलएलव्हीएमचं सीमेक (बिल्डची मांडणी करणारं टूल) स्वतःच एका वेळी दोनच लिंक चालवतं. फुलला ही मर्यादा नाही. निन्जा (प्रत्यक्ष बिल्ड चालवणारं टूल) एकदम सात-आठ लिंक सोडतो, १६ जीबीचं मशीन गुदमरतं आणि स्क्रीनवर नुसतं 'किल्ड'. एका वेळच्या लिंकची संख्या ठरवणारं 'एलएलव्हीएम_पॅरलल_लिंक_जॉब्स' १ करा. हा पर्याय निन्जाबरोबरच चालतो, मेक या जुन्या बिल्ड टूलबरोबर नाही. टार्गेटही (ज्या प्रोसेसरसाठी कोड बनवायचा तो) फक्त एक्स८६ ठेवा, जगभरचे प्रोसेसर कशाला?

पॅकेजवाला : धागाकर्ते फक्त स्वतःच्या खुर्चीतून बघतायत. मी एकदा बिल्ड करतो, वापरणारे वर्षभर त्यावर कोड कंपाइल करतात. माझे चार तास जास्त गेले तर जाऊ देत. जीसीसी या दुसऱ्या कंपायलरमध्येही 'बूटस्ट्रॅप-एलटीओ' आहेच, तो स्वतःलाच टप्प्याटप्प्याने पुन्हा बिल्ड करतो तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजला लागतं.

जुनाखोड : पॅकेजसाठी लावा, माझी ना नाही. पण वेगच हवा तर आधी पीजीओ (प्रोग्रॅम चालवून मिळालेल्या नोंदींवरून केलेलं ऑप्टिमायझेशन) लावा, फरक त्याने जास्त पडतो.

रिकामाकोअर : पीजीओ आणि एलटीओचं काय वैर आहे? क्लँगच्या सोर्समध्ये सीमेकच्या कॅशेस फोल्डरात पीजीओची तयार फाइल आहे, तिच्यात एलटीओचाही पर्याय आहे. उघडून तर बघा.