मदत हवी आहे: रेस दिली की एमएक्स-५ चं शेपूट डावीकडे, पाय काढला की उजवीकडे

नमस्कार मंडळी,

मी इंग्लंडात डर्बीला असतो. दोन वर्षांपूर्वी हौसेने माझदा एमएक्स-५ घेतली. पहिल्या पिढीतली, १९९२ ची, १.६ इंजिन. वजन साडेनऊशे किलोच्या आसपास, ताकद मागच्या चाकांना. गंज सोडला तर तिने कधी त्रास दिला नाही, आणि हिवाळ्यात मीठ टाकलेल्या इथल्या रस्त्यांवर तिशी उलटलेल्या गाडीला गंज कुठला चुकायला!

आता दुखणं असं. दुसऱ्या गिअरमध्ये जोरात रेस दिली की मागचा भाग डावीकडे सरकतो. पाय काढला की झटकन उजवीकडे येतो. हे सरळ, कोरड्या रस्त्यावरसुद्धा होतं. चाकं घसरत नाहीत, इंजिन एकदम चढत नाही. एका वेगात चालवली तर गाडी गुणी बाळ. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) जेमतेम २२६५ मिमी आणि बसायची जागा जवळजवळ मागच्या चाकांवरच, त्यामुळे एवढंसं हललं तरी थेट मणक्यात कळतं. वळणावर पाय काढायची वेळ आली तर काय होईल, या भीतीने बक्स्टनकडचा घाट महिनाभर बंद आहे.

पुण्याच्या मित्राने फोनवरच निकाल दिला, टायर बदल. टायरवरचा आकडा २११५ निघाला, म्हणजे २०१५ चा एकविसावा आठवडा. नक्षी भरपूर, रबर मात्र लाकूड झालेलं. बदलायचे आहेतच. पण मागचे दोन्ही टायर डावे-उजवे अदलून पाहिले, हवा चारही चाकांत २६ पीएसआय केली, तरी शेपूट डावीकडेच. कोल्हापूरच्या मामांचं आयुष्य जीप-ट्रॅक्टरखाली गेलंय. ते म्हणाले, "रेस दिल्यावर एकीकडे आणि सोडल्यावर दुसरीकडे, म्हणजे काहीतरी ढिलं आहे रे. टायर असं बाजू धरून बसत नाही."

मग मी उलटा विचार केला. रेस दिल्यावर चाक गाडीला पुढे रेटतं. उजव्या बाजूचा बुश (चाक धरणाऱ्या आर्मच्या सांध्यातली रबरी गादी, मधे लोखंडी नळी) मऊ पडला असेल तर ते चाक पुढे सरकून आत वळेल आणि शेपटाला डावीकडे ढकलेल. पाय काढला की याच्या उलट. लक्षण तंतोतंत जुळतं.

गंमत म्हणजे अलाइनमेंट (चाकांचे कोन मशीनवर जुळवणं) महिन्यापूर्वीच झालीये आणि कागदावर दोन्ही मागची चाकं बरोबर आहेत. त्रासही त्यानंतरच सुरू झाला. (गॅरेजचं नाव विचारू नका.)

संपादन: रविवारी गाडी स्टँडवर घेतली. टॉमी (लोखंडी पहार) घालून रेटलं तर उजवा खालचा आर्म डोळ्यांना दिसेल इतका हलतो, डावा ठाम. त्या आर्मच्या आतल्या टोकाला दोन कॅम बोल्ट (फिरवले की आर्म सरकवणारे) असतात, कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाक आत-बाहेर किती वळलंय) त्यांनीच बसवतात. पुढच्याचा नट सैल करून बोल्ट फिरवला तर बुशातली लोखंडी नळीही त्याच्याबरोबर फिरते, गंजून एकजीव झालीये. मला वाटतं, अलाइनमेंट करताना कॅम फिरला तो रबराला पीळ देऊनच. मशीनवर आकडे आले, आणि पुढे चालता चालता रबर फाटलं.

कोणी हे काम स्वतः केलंय का? तीन दिवस गंज सोडवायचं तेल मारतोय, बोल्ट ढिम्म. गॅसने तापवायला धीर होत नाही, पेट्रोलची टाकी तिथून फार लांब नाही. आर्म आणि सबफ्रेमच्या (आर्म ज्या चौकटीला जोडलेला असतो तिच्या) कानांमध्ये करवतीचं पातं घालून बोल्ट कापला तर कान वाचतात का? आणि नवे बुश रबराचे घ्यावेत की पॉलीयुरेथेनचे? रबराचे घेतले तर गाडी चाकांवर उभी करूनच नट आवळायचे, नाहीतर पीळ राहतो, एवढं माहीत आहे. पण इतक्या बुटक्या गाडीखाली, ती चाकांवर असताना, पाना नेमका कुठून घालता तुम्ही?