मदत हवी आहे : हे निळं-हिरवं शेवाळ अ‍ॅनाबिना, डोलिकोस्पर्मम की स्फेरोस्पर्मॉप्सिस?

नमस्कार मंडळी. मी डिचोली तालुक्यातली, वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. आमच्या वाड्यावरच्या तळीवर शिगम्यापासून या शेवाळाची पोपटी साय धरते आणि वारा सुटला की एका काठाला गोळा होते. म्हशी नेमक्या तिथेच पाणी पितात, म्हणून प्रकल्पाला हीच तळी घेतली.

४०च्या ऑब्जेक्टिव्हखाली मण्यांच्या माळेसारखे सरळ धागे दिसतात. पेशींत काळपट ठिपके. अधूनमधून हेटरोसिस्ट (हवेतला नायट्रोजन बांधणारी पेशी), आणि त्याला दोन्ही बाजूंनी चिकटून जवळजवळ गोल अकायनीट (वाईट काळ काढणारी जाड भिंतीची पेशी). देसिकाचारींच्या १९५९च्या ‘सायनोफायटा’ या निळ्या-हिरव्या शेवाळांवरच्या पुस्तकावरून ओळखायला गेले तर अ‍ॅनाबिना येते. पण २००९मध्ये वॅकलिन, हॉफमन आणि कोमारेक यांनी वायुपोकळ्या (पेशीला तरंगत ठेवणाऱ्या वायूच्या पोकळ्या) असलेल्या तरंगत्या जाती डोलिकोस्पर्मम या वेगळ्या गटात नेल्या. तळाशी थर धरणाऱ्या तेवढ्या अ‍ॅनाबिनात राहिल्या. मग डोलिकोस्पर्मम लिहू, की अकायनीट असे चिकटलेले म्हणून स्फेरोस्पर्मॉप्सिस? आणि ते ठिपके वायुपोकळ्याच, हे कसं पटवू?

उत्तर

ताई, ठिपक्यांपासून सुरुवात करा. ताजं पाणी जाड काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, हवा अजिबात राहू देऊ नका. बूच बसवा, बाटली फडक्यात गुंडाळा आणि बुचावर हातोडीचा एक ठोका द्या. क्लेबान यांनी १८९५मध्ये केलेला हा प्रयोग. वायुपोकळ्या असतील तर दाबाने मिटतात, ठिपके जातात आणि तरंगणारे धागे तळाला बसतात. साठवणीचे कण असतील तर काहीच बदलत नाही.

अकायनीट लागून आहेत एवढ्यावर मात्र निकाल देऊ नका, डोलिकोस्पर्ममच्या काही जातींतही ते तसे असतात. गोल अकायनीट, सरळ धागे आणि टोकाकडे थोडे निमुळते, असं तिन्ही जुळलं तर स्फेरोस्पर्मॉप्सिसकडे झुका. पंचवीस-तीस धागे तरी मोजा, पिकलेले अकायनीट निवडून. पक्कं नाव १६एस आरआरएनए जनुक (जिवाणूंची ओळख पटवायला वापरतात तो) वाचल्यावरच.

आणि नावावरून विषारी की नाही हे ठरत नाही. एकाच जातीचा एक वाण विष करतो, दुसरा करत नाही. काही विषं उकळूनही जात नाहीत. म्हशी आजच त्या काठावरून हलवा.

धागाकर्ती

मनापासून आभार. ठोक्यानंतर ठिपके गेले, धागे बसले. बावीस धागे मोजून झाले, अठरांची टोकं निमुळती आहेत. म्हशीवाल्या काकांना काल सांगितलं; आज ते म्हशी वरच्या झरीवर घेऊन गेले.