मदत हवी आहे: मेडिकलच्या अर्जात छंद लिहावा का?

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत असतो. लेक यंदा अमेरिकेतल्या मेडिकल स्कूलसाठी एएमसीएएसचा (तिथल्या बहुतेक मेडिकल स्कूल्सना चालणारा सामायिक) अर्ज भरतेय. त्यात अनुभवांच्या जास्तीत जास्त १५ नोंदी करता येतात, प्रत्येकीला ७०० अक्षरांची मर्यादा. छंदांचा वेगळा प्रकारही दिलाय.

ती सहा वर्षं ढोल-ताशा पथकात आहे. गणपतीआधी सरावाहून येते तेव्हा तळहात लालबुंद असतो, तरी जेवताना बोटं टेबलावर ठेका धरतातच. तिला हे लिहायचंय. तिचे बाबा म्हणतात, ती जागा रिसर्चला दे. मला मात्र वाटतं, आमची पोरगी खरी दिसते ती ढोलातच.

कुणाच्या मुलांनी असा छंद लिहिला होता का? मुलाखतीत त्यावर काय विचारलं? आणि ज्यांनी ढोल कधी ऐकलाच नाही, त्यांना तो एवढ्याशा जागेत कसा समजावायचा?