९ एमएम घ्यायचंय, शनिवारच्या आत सांगा

बंडू (केटी), मंगळवार रात्री

मंडळी,
मागच्या धाग्यात सगळ्यांनी "आधी कॅमेरे लाव, मग बोल" म्हणून गप्प केलंत. कॅमेरे लावले. मागच्या दाराच्या चौकटीला लांब स्क्रू मारून जाड पट्टी बसवली. आता पिस्तूल. ९ एमएमच घ्यायचं हे ठरलंय, त्यावर वाद नको. आणि एकच घ्यायचं. रात्री घरात तेच, बाहेर जाताना कमरेला तेच. दोन घेतली तर माझं काय होईल ते तुम्ही जाणता.
ग्लॉक १९ की सिग पी-३६५? शनिवारी दुकानात जातोय. एलटीसी (पिस्तूल जवळ बाळगायचं राज्याचं लायसन्स) काढलेलं नाही, २०२१ पासून टेक्ससमध्ये लागत नाही ना?
नाना, तुमचीच वाट बघतोय.

---

नाना (शुगर लँड), मंगळवार, रात्री उशिरा

बंडू, शनिवारी दुकानात जाऊ नकोस, नेमबाजीच्या रेंजवर जा. भाड्याने दोन्ही मिळतात. काउंटरवर हातात घेऊन "छान बसतंय" म्हणणारे नंतर तेच पिस्तूल पडत्या भावात विकताना मी पाहिलेत.

तू विचारलेली दोन्ही चांगलीच आहेत, पण कामं वेगळी. ग्लॉक १९ ची नळी चार इंचांची, मॅगझिनमध्ये १५ गोळ्या, तीनही बोटं मुठीवर बसतात, पुढे टॉर्च लावायला रेल आहे. रात्री घरात टॉर्चला पर्याय नाही. समोर चोर आहे की पाणी प्यायला उठलेला पोरगा, हे आधी दिसलं पाहिजे. पी-३६५ ची नळी तीन इंचांच्या जराशी वर, वजन रिकामं अर्धा किलोच्या आसपास, सोबतच्या मॅगझिनमध्ये १० गोळ्या. २०१८ ला आलं तेव्हा एवढ्याशा मापात दहा गोळ्या म्हणून सगळे चक्रावले होते. शर्टाखाली दिसत नाही. पण लहान पिस्तूल हातात जास्त उसळतं, आणि नव्या माणसाला वाटतं उलट, की लहान म्हणजे सोपं. बायकांना दुकानदार हमखास छोटं पुढे करतात, तिथेच चुकतं.

९ एमएमवर वाद नको म्हणतोस, तरी सांगतो. १९८६ मध्ये मायामीत एफबीआयची चकमक झाली, दोन एजंट गेले. त्यांची ९ एमएमची एक गोळी हल्लेखोराच्या छातीत शिरली, पण हृदयाच्या अलीकडे थांबली. त्यानंतर जिलेटिनच्या ठोकळ्यात १२ ते १८ इंच शिरली पाहिजे ही चाचणी आली, एफबीआय १० एमएमकडे गेली, मग पॉइंट फोर्टी कॅलिबरकडे, आणि गोळ्या सुधारल्यावर २०१६ च्या सुमारास परत ९ एमएमवर. म्हणून घरात होलो पॉइंट भर, म्हणजे टोकाला पोकळ, शरीरात शिरल्यावर फुलणारी गोळी. साधी एफएमजे (सबंध धातूच्या आवरणाची) रेंजवर उडवायला. आणि आपल्या घरांच्या भिंती म्हणजे दोन बाजूंना प्लास्टरबोर्ड, आत पोकळी. होलो पॉइंटसुद्धा त्यातून पलीकडे जाते. पोरांची खोली कुठल्या भिंतीमागे आहे ते आधी बघ, मग झोपायच्या खोलीत उभं राहून ठरव, कुठल्या दिशेला कधीच झाडायची नाही.

वहिनींना विचारलंस का?

---

बंडूची बायको, बुधवार सकाळी

नाना, मी पण याच लिस्टवर आहे, विसरलात वाटतं.
विचारलं नव्हतं. मी काल रात्री वाचलं. तर माझं ऐका: हा रोज आठला घराबाहेर. रात्री-बेरात्री घरात मी, दोन पोरं, आणि हा महिन्यातले आठ-दहा दिवस साइटवर. मग पिस्तूल कोणाच्या हातात बसलं पाहिजे? गेल्या वर्षी शेजारणीच्या ग्लॉकची स्लाइड (वरचा सरकता भाग) मला पूर्ण मागे येईना. माझं मनगट बाळंतपणापासून दुखतंय.
आणि सासरे दिवाळीला येतायत. पोलीस खात्यातून निवृत्त. त्यांना रेंजवर न्यायचं याच्या मनात आहे, ते याने लिहिलेलं दिसत नाही.

---

गोट्या (सायप्रेस), बुधवार

वहिनी +१ 😀

---

नाना, बुधवार

वहिनी, माफ करा, आणि बरं झालं लिहिलंत. हाच खरा मुद्दा.

चिमटीत धरून ओढायची सवय असते, त्याने स्लाइड कोणालाच येत नाही. पिस्तूल छातीजवळ आणा, तोंड समोर मोकळ्या दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर. डाव्या हाताची अख्खी मूठ स्लाइडवरून आवळा आणि ओढण्याऐवजी उजव्या हाताने मूठ पुढे ढकला. अर्धं काम ढकलण्यात होतं. तरी जमलं नाही तर स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझेड बघा. स्प्रिंग हलकी आहे, आठ गोळ्या, मागे मूठ आवळल्याशिवाय झडत नाही असा खटका. मॅगझिन भरायलाही सोपं, अंगठा सोलत नाही. कमी गोळ्या म्हणून बंडू नाक मुरडेल, मुरडू दे.

सासऱ्यांचं जरा जपून. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक हातात घेणं हाच केंद्राच्या कायद्याने गुन्हा आहे, रेंजवरचं भाड्याचं पिस्तूलसुद्धा. त्यांनी महाराष्ट्रात उभी नोकरी ९ एमएम कमरेला लावून केली असली तरी. आणि देणाऱ्यावरही बालंट येतं. अपवाद आहे: शिकारीचं लायसन्स काढलं की चालतं.

---

गोट्या, बुधवार दुपारी

> शिकारीचं लायसन्स काढलं की चालतं

हे एच-१बी वाल्यांनाही लागू. मी तसंच घेतलंय, टेक्ससचं हंटिंग लायसन्स ऑनलाइन काढून. दुकानात बंदूक घेताना भरायच्या ४४७३ फॉर्मवर व्हिसाचा तोच प्रश्न असतो, लायसन्सचा कागद सोबत न्यायचा. हरीण आजवर एक मारलेलं नाही. मुदत संपली की अपवादही संपतो, तेवढं लक्षात ठेवा. आमच्या ऑफिसातल्या एकाने रिन्यू केलंच नव्हतं आणि पिस्तूल कपाटात. तो आता नव्याने घाबरलाय.

---

माई (मराठी शाळा), बुधवार संध्याकाळी

नमस्कार. ही लिस्ट मंडळाची आहे. ऑगस्टच्या सभेत ठरलं होतं की राजकारण आणि विक्री इथे नको. हे दोन्हीत बसत नाही म्हणून मी गप्प होते, पण "बाहेर जाताना कमरेला" वाचून लिहावं लागतंय.

बंडू, तुझा रविवार म्हणजे पोरांना शाळेत सोडणं, मग तिथेच ढोल-ताशाचा सराव. दोन्ही हायस्कूलच्या इमारतीत. तिथे पिस्तूल आणायचं नाही. एलटीसी असो वा नसो. आपण स्कूल डिस्ट्रिक्टशी करार केलाय, त्यात स्पष्ट लिहिलंय. जागा गेली तर गणपतीला पुन्हा त्या गोदामात जायचं का? मागच्या खेपेला एसी बंद पडून काय झालं ते आठवा.

---

अण्णा (पूर्वी पेअरलँड, आता एडिसन), बुधवार

माई, गोदामाचा एसी बंद पडला नव्हता, तो चालू केलाच नव्हता. किल्ली कोणाकडे होती ते मी आता बोलत नाही.

बाकी तुमची चर्चा वाचून मजा वाटते. इकडे जर्सीत पिस्तूल विकत घ्यायलाच दर पिस्तुलामागे वेगळं परमिट, मॅगझिन दहा गोळ्यांच्या वर नाही. घरात होलो पॉइंट ठेवता येते, पण कमरेला लावून बाहेर पडलात तर ती चालत नाही. मग लोक टोकाला प्लास्टिक भरलेली गोळी घेतात. बंडू, इकडे आलास तर तुझं टेक्ससचं काही चालणार नाही. रिकामं करून, डिकीत, कुलपात. मगच ये.

---

बंडू, बुधवार रात्री

माई, इमारतीत नेणार नाही हो, एवढं कळतं. गाडीतच राहील. टेक्ससमध्ये २००७ पासून गाडीत ठेवता येतं.

---

नाना, बुधवार रात्री

> गाडीतच राहील

थांब. राज्याच्या कायद्याने पार्किंग म्हणजे "प्रिमायसेस" (इमारत) नाही, हे बरोबर. पण केंद्राचा वेगळा कायदा आहे: शाळेपासून १००० फुटांच्या आत पिस्तूल नाही. त्यात सूट राज्याने तपासून लायसन्स दिलेल्याला. म्हणजे एलटीसी असेल तर तू मोकळा, आणि २०२१ नंतरच्या "लागत नाही" वर चालशील तर शाळेसमोरच्या रस्त्यावरूनसुद्धा अडकशील. रिकामं करून कुलपाच्या डब्यात असेल तर चालतं. केटीत १००० फुटांत शाळा नाही असा रस्ता दाखव मला.

म्हणून एलटीसी काढच. फी ४० डॉलर. वर्ग ऑनलाइन करता येतो, गोळ्या मात्र समक्ष झाडाव्या लागतात. ५० गोळ्या, तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून, २५० पैकी १७५ गुण. कोणीही पास होतो, खरं तर व्हायला नको.

---

माई, गुरुवार

नाना, कायदा तुम्हाला माहीत, करार मला माहीत. करारात "परिसर" लिहिलंय, त्यात पार्किंग येतं. आणि गाडीत ठेवून आत ढोल वाजवत बसायचं दोन तास, काच फोडून कोणी नेलं तर? गेल्या गणपतीत आपल्याच पार्किंगमधून लॅपटॉप गेले ते कोणाचे होते, बंडू?

---

बंडू, गुरुवार

माझाच गेला होता. बरं, रविवारी घरी तिजोरीत ठेवीन.

---

बंडूची बायको, गुरुवार

कुठल्या तिजोरीत? ती अजून घेतलेली नाही.

---

नाना, गुरुवार

तिजोरी आधी, पिस्तूल नंतर. पलंगाला केबलने बांधता येईल अशी, बटणं दाबून उघडणारी. बोटाच्या ठशावर उघडणारी मी टाळतो, कणीक मळलेल्या हाताने उघडत नाही. भरलेलं पिस्तूल १७ वर्षांखालच्या पोराच्या हाताला लागेल असं बेपर्वाईने ठेवलं तर टेक्ससमध्ये गुन्हा आहे. आणि आजी-आजोबा येणार आहेत ना? आपल्या आया पहिल्या आठवड्यात घरातला एकेक खण उघडून बघतात.

बंडू, एक सरळ विचारतो. तुझा आठवडा मांड: ऑफिसच्या दारावर ३०.०६ ची पाटी आहे, म्हणजे एलटीसीवाल्यालाही लपवून आत नेता येत नाही. रविवारी शाळा. महिन्यातले दहा दिवस साइट, तिथे कंपनीचा नियम. देवळाच्या ट्रस्टींनी नको म्हटलं असेल तर तेही गेलं. मग कमरेला लावून जाणार कुठे, एचईबीत भाजी आणायला? कॅरीसाठी म्हणून छोटं घेऊन घरात बायकोच्या हातात उसळणारं ठेवायचं, हे मला पटत नाही.

---

अण्णा, गुरुवार

नाना, ३०.०६ वर उघड कॅरीही बंद का?

---

नाना, गुरुवार

नाही, त्याची ३०.०७. बिनलायसन्सवाल्यांसाठी ३०.०५. अण्णा, तुम्हाला जर्सीत काय करायचंय त्याचं?

---

बंडू, गुरुवार रात्री

ठीक आहे. शनिवारी रेंजवर तिघं जातोय, नाना, मी, ही. ग्लॉक १९, शील्ड ईझेड आणि माझ्या समाधानासाठी पी-३६५ भाड्याने. हिला जे मागे ओढता येईल आणि पाचव्या गोळीलाही निशाणावर लागेल, ते घ्यायचं. कॅरीचं पुढे बघू, एलटीसी काढून. तिजोरी मागवली, शुक्रवारी येतेय.
बाबांना रेंजवर न्यायचं की नाही हे त्यांच्या सूनबाईंनी ठरवायचं.

---

बंडूची बायको, गुरुवार रात्री

सासऱ्यांचं हंटिंग लायसन्स मी काढते. सूनबाईंनी ठरवलं.

---

एक नवीन सभासद (द वुडलँड्स), शुक्रवार

नमस्कार, मी लिस्टवर नवी आहे. नाना, शनिवारी किती वाजता? माझं ग्रीन कार्ड गेल्या महिन्यात आलं, मलाही शिकायचंय. नुसता ड्रायव्हिंग लायसन्स पुरेल का?

---

नाना, शुक्रवार

दहाला, दारात. ग्रीन कार्ड सोबत आणा, त्यावरचा ए-नंबर पुढे पिस्तूल विकत घेताना फॉर्मवर लागतो. बंद बूट घाला, आणि खोल गळ्याचा टॉप नको. तापलेली काडतुसं बाजूला उडतात ती बरोबर आत जातात.

---

माई, शुक्रवार

रविवारच्या सरावाला ताशेवाले कोण कोण येणार, ते वेगळ्या धाग्यात कळवा. या धाग्यात नको.